आजारी माणसामागचा तगादा

लॉगिनला लागलेल्या अर्ध्या सेकंदाच्या उशिरामुळे केवढं संकट टळलं, हे २०२४ मध्ये सगळीकडे छापून आलं. एरवी ०.३ सेकंदात होणाऱ्या कामाला ०.८ सेकंद का लागतात, एवढीच शंका मायक्रोसॉफ्टमधल्या आंद्रेस फ्रॉइंड यांना आली होती. तिच्या मागे जात त्यांनी २९ मार्चला ‘एक्सझेड युटिल्स’मध्ये पेरलेली चोरवाट उघड केली. त्यानंतर चर्चा एकच होती: चोरवाट पेरणारा हा ‘जिया टॅन’ कोण, कोणत्या देशाचा?

हेरकथेचा मोह कुणाला सुटत नाही. पण या प्रकरणात कोडपेक्षाही वाचण्याजोगा आहे तो प्रकल्पाचा २०२२ च्या मे-जूनमधला जाहीर पत्रव्यवहार.

एक्सझेड फाइली दाबून लहान करतं. काम कंटाळवाणं, पण जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये ते बसलेलं. फिनलंडचे लासे कॉलिन जवळपास एकट्याने दीड दशक ते सांभाळत आले. २०२२ मध्ये ‘जिगर कुमार’ नावाने तक्रारी सुरू झाल्या: सुधारणा पडून आहेत, नवा मेंटेनर आल्याशिवाय काही हलणार नाही. (नाव आपल्याकडचं वाटतं, पण या नावाचा माणूस या पत्रांबाहेर कुणाला सापडलेला नाही.) कॉलिन यांनी ८ जूनला उत्तर दिलं. रस संपलेला नाही. पण दीर्घकाळच्या मानसिक आजारामुळे फार लक्ष देता येत नाही, जिया टॅनची मदत होते आहे, आणि हे बिनपगारी, हौसेचं काम आहे हेही ध्यानात ठेवावं.

यावर कुणी ‘जपा’ म्हणेल अशी अपेक्षा असते. जिगर कुमारने पुन्हा दिरंगाईच मोजली. ‘डेनिस एन्स’ नावाच्या दुसऱ्याने आजाराबद्दल खेद व्यक्त केला आणि त्याच दमात सुचवलं, की आपली मर्यादा ओळखून प्रकल्पाचा एक भाग दुसऱ्याकडे सोपवावा. सहानुभूतीच्या भाषेत दिलेला हा धक्का वाचताना आजही राग येतो. हे दोघे जिया टॅनचेच साथीदार, कदाचित त्याचीच टोपणनावं, असा दाट संशय आहे.

आयत्या बिळावर नागोबा आपल्याला ठाऊक आहे. इथल्या नागोबाने आधी दोन वर्षं बीळ झाडून-पुसून दिलं! जिया टॅनने चांगलं, उपयोगी काम केलं, अधिकार मिळवले, २०२३ मध्ये तो आवृत्त्याही काढू लागला. मग २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या ५.६.० मध्ये चाचणीसाठीच्या फाइलींत घातक कोड लपवला. तो जागा करणाऱ्या ओळी फक्त डाउनलोडच्या गठ्ठ्यात होत्या, उघड्या कोडसंग्रहात नव्हत्या.

‘कॉलिन यांनी माणूस पारखायला हवा होता’ असं आता म्हणणं सोपं आहे. दुखण्यात मदतीला आलेल्याचं ओळखपत्र कोण मागतं? आणि पारखायला दुसरं होतं तरी कोण? हे सॉफ्टवेअर बड्या कंपन्यांच्या सर्व्हरवर चालत होतं, कॉलिन मात्र एकटे होते.

आजार लपवला नाही म्हणजे घात होतोच असंही नाही. ‘स्लॅकवेअर’ ही लिनक्स प्रणाली १९९३ पासून सांभाळणारे पॅट्रिक व्होल्कर्डिंग २००४ च्या अखेरीस गंभीर आजारी पडले. निदान होईना, तेव्हा त्यांनी सगळी लक्षणं वापरकर्त्यांसमोर मांडून मदत मागितली. लोक धावले, ते बरे झाले आणि स्लॅकवेअर आजही त्यांच्याच हातात आहे. ‘व्हिम’ या मजकूर-संपादकाचे ब्राम मोलेनार २०२३ च्या ऑगस्टमध्ये झपाट्याने बळावलेल्या आजाराने गेले. सगळा कारभार त्यांच्याभोवती फिरत होता, तरी ख्रिश्चन ब्राबांट आणि जुन्या सहकाऱ्यांनी तो उचलला. २०२४ च्या जानेवारीत आलेली ९.१ आवृत्ती मोलेनार यांना अर्पण आहे. दोन्हीकडे अनेक वर्षं ओळखीची माणसं आसपास होती. एक्सझेडला ती मिळाली नाहीत.

अशा घटनेनंतर कंपन्या तपासणीची नवी साधनं घेतात. त्यातला थोडा पैसा मेंटेनरच्या रजेसाठी आणि दुसऱ्या जोडीदारासाठी द्यावा, असं मात्र फारसं ऐकू येत नाही. कोडसंग्रह जिथे ठेवला होता त्या गिटहबने तर चोरवाट उघड होताच जिया टॅनबरोबर कॉलिन यांचंही खातं गोठवलं होतं. दोन वर्षांतला कोड ओळीनं तपासून साफ करण्याचं काम पुन्हा कॉलिन यांच्याकडेच आलं.