कमी लोखंड म्हणजे कच्चं घर?

‘एआयनं डिझाइन केलं की लोखंड कमी लागतं, म्हणजे घर कच्चं,’ हा समज लातूर-नांदेडकडे सर्रास ऐकू येतो. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्या भागानं भोगली, तिथं ही धास्ती साहजिक आहे. पण किल्लारीत जीव गेले ते मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. काँक्रीटच्या बीममध्ये गरजेपेक्षा जास्त सळया कोंबल्या, तर सळई पुरेशी ताणली जाण्याआधीच काँक्रीट चिरडतं आणि बीम एकाएकी मोडतो. लोखंड बेतात असेल तर बीम आधी वाकतो, तडे दाखवतो, माणसांना बाहेर पडायला वेळ देतो. म्हणूनच काँक्रीट बांधकामाच्या आय.एस. 456 या भारतीय मानकात लोखंडाला किमान मर्यादा आहे, तशी कमालही आहे.

‘मग इंजिनीअर कशाला?’ तर एआय इथं शोधाशोध करतं. बीमची रुंदी, खोली, सळयांचा व्यास, काँक्रीटची ग्रेड यांच्या हजारो जुळण्या तपासून नियमात न बसणाऱ्या बाद करतं आणि उरलेल्यांतून स्वस्त जुळणी निवडतं. पण अटी माणूसच घालतो. 1993 पूर्वी किल्लारी परिसर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता; 2002 मध्ये तो झोन तीनमध्ये आला. भूकंपरोधक डिझाइनच्या आय.एस. 1893 या मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत झोन दोनचा भूकंप-गुणांक 0.10, तर तीनचा 0.16 आहे. इथं चुकून ‘दोन’ भरलं, तर सॉफ्टवेअर चुकीच्या इमारतीचं उत्तम डिझाइन काढून देईल.

काँक्रीटची ताकद सांगणाऱ्या एआय मॉडेलांचंही तसंच. या क्षेत्रात सर्वाधिक वापरला जाणारा 1,030 नमुन्यांचा संच तैवानच्या आय-चेंग येह यांनी जमवला. त्यावर शिकलेल्या मॉडेलला आपली खडी, काँक्रीटमध्ये मिसळली जाणारी परळीच्या वीज केंद्राची राख माहीत नाही. इथल्या क्यूब टेस्टचे आकडे दिल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये. शिवाय काँक्रीटची ताकद पाणी मारण्यावरही ठरते: कोरड्या, उष्ण हवेत किमान 10 दिवस पाणी मारा, असं आय.एस. 456 सांगतं. 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं या पाण्याची तजवीज बांधकामाआधीच हवी.

भूकंपात कॉलम तगतो तो रिंगांवर. रिंगेचा हूक 135 अंशांत आत वळवा, असं आय.एस. 13920 हे मानक सांगतं. हे काम साइटवर फिटरच्या हातून होतं, तिथं एआय पोचत नाही. कॉलम भरण्याआधी हूक स्वतः पाहा; 90 अंशांत सोडलेले दिसले, तर काम थांबवा.