उस्ताद मोजतात, मी टेप धरतो

मागच्या वर्षी आम्ही मोहल्ल्यातल्या चार-पाच जणांनी मिळून तालुक्याच्या गावी तरुणांसाठी एक दिवसाचे नेतृत्व शिबिर घेतले. शादीखाना मिळाला, माईक मिळाला, पाच वक्तेही मिळाले. पाचही जणांनी तरुणांना पुढे येण्याचे आवाहन केले. तरुण मागच्या रांगांत बसून बिर्याणी कधी येते याची वाट पाहत होते. शेवटी सर्वांना प्रमाणपत्रे वाटली, फोटो काढला आणि घरी गेलो. त्या शिबिरातून काही निघाले नाही. कशाचे नेतृत्व करायचे, हे आम्हीच कुणाला सांगितले नव्हते, मग पोरांना दोष कसा देणार?

त्याच संध्याकाळी बहिणीकडे गेलो. भाचा नववीत शाळा सोडून फॅब्रिकेशनच्या दुकानात जाऊ लागला होता, त्याला दीड वर्ष झाले होते. काय शिकलास म्हणून विचारले, तर म्हणाला, "मामू, उस्ताद मोजतात, मी टेप धरतो."

गेटला लोखंड किती लागले? "उस्तादांना माहीत." गिऱ्हाइकाला भाव किती सांगितला? "ते उस्तादच बोलतात."

बहीण म्हणाली, "हात काळे होतात, पण घरात चार पैसे येतात ना." तिचे चुकत नव्हते. पण त्याच्या हातात टेपचे एकच टोक होते, आणि आकडा दुसऱ्या टोकाला वाचला जात होता. ही गोष्ट आम्हाला त्या रात्री झोपू देईना.

हे एका घरापुरते नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे, की ६ ते १४ वयोगटातील सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मधेच शाळा सोडून गेली होती. तेव्हाची ती मुले आज बापाच्या वयाची झाली. तरुणांसाठीच्या सरकारी योजना आहेत, नाही असे नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. त्यात वर्षाला १२० तासांचे काम असते, सात दिवसांचे निवासी शिबिर असते, आणि त्या शिबिरांतून घडलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. पण ती प्रामुख्याने कॉलेजात पोहोचलेल्यांसाठी. नववीत गळालेला पोरगा तिथवर जातच नाही.

अशा पोरासाठी काय करता येते, याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात चाळीस वर्षांपासून उभे आहे. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे, पावसाला पारखे. अमेरिकेत अन्न तंत्रज्ञानात डॉक्टरेट केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईतली संशोधकाची मोठी नोकरी सोडून तिथे गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. २००३ मध्ये ते वारले, काम चालू आहे. शाळा सोडलेल्या मुलांसाठी तिथे एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे. शिवाय आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस हातकाम शिकवण्याची त्यांची पद्धत राज्यातल्या अनेक शाळांनी घेतली. चार विभाग असतात: वर्कशॉप, वीज आणि ऊर्जा, शेती आणि जनावरे, घर आणि आरोग्य. मुलगा असो वा मुलगी, चारही शिकायचे. म्हणजे मुली वेल्डिंग करतात आणि मुलगे चिक्की बनवतात.

आम्हाला त्यात महत्त्वाचे वाटले ते वेगळेच. तिथले काम नुसत्या सरावाचे नसते. गावातल्या कुणाला तरी हवी असलेली वस्तू करायची किंवा दुरुस्त करायची, आधी तिचे चित्र काढायचे, मग खर्च मांडायचा. साधी पाण्याची घडवंची घ्या. पाऊण मीटरचे चार पाय म्हणजे तीन मीटर अँगल. वरची चौकट पंचेचाळीस सेंटिमीटरच्या चार बाजूंची, म्हणजे एक मीटर ऐंशी. एकूण ४.८ मीटर. पंचवीस मिलिमीटरचा, तीन मिलिमीटर जाडीचा अँगल मीटरला साधारण १.१ किलो भरतो, तेव्हा लोखंड झाले ५.२८ किलो. किलोचा भाव ७० रुपये धरला तर ३७० रुपये. पुढे वेल्डिंगचे रॉड, वीज, रंग, तुटीचा माल. आणि मजुरी. आपल्या कारागिरांची पोरे नेमकी ही शेवटची ओळ विसरतात. मालाचे पैसे सुटले की धंदा झाला असे त्यांना वाटते, आणि म्हणून वीस वर्षे राबूनही माणूस तिथेच राहतो.

घडवंची डुगडुगली, तर ज्या बाईने ती घेतली ती येऊन बोलणारच. तेव्हा पोराला तिच्यासमोर उभे राहून उत्तर द्यावे लागते. चूक कबूल करायची, की जमीनच खाली-वर आहे म्हणायचे, हे त्याने ठरवायचे. पुढच्या वेळी जोडीदारांना कोणते काम वाटून द्यायचे, तेही त्यानेच. जागतिक आरोग्य संघटनेने जीवनकौशल्ये म्हणून दहा गोष्टींची यादी केलेली आहे, निर्णय घेणे, संवाद साधणे वगैरे. ती आमच्या शिबिरात एका वक्त्याने वाचून दाखवली होती. डुगडुगणाऱ्या एका घडवंचीत त्यातल्या निम्म्या सहज येऊन जातात.

हा विचार आपल्याला परका नाही. १९३७ साली वर्ध्यात गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली, आणि हातकामातून शिक्षणाची योजना आखण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन होते. पुढे ते राष्ट्रपती झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. वर्ध्याचे काम मात्र आपल्या घरांत फारसे कुणी सांगत नाही.

आता मुलींचे. घर आणि आरोग्य विभागात मुले रक्तगट तपासायला आणि हिमोग्लोबिन मोजायला शिकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. दहावीतल्या मुलीने स्वतःच्या वर्गातल्या मैत्रिणींचे हिमोग्लोबिन मोजले, बारा ग्रॅमच्या खाली कोण कोण आहे ते लिहून काढले, की ती घरी जाऊन अम्मीला सांगते, "तू सगळ्यांचे उरलेले खातेस, हे बंद कर." ही मुलगी मोठेपणी बचत गटात किंवा ग्रामसभेत गप्प बसेल असे आम्हाला वाटत नाही.

अडचणी आहेत. वर्षभर पोरगा बाहेर पाठवायचा तर घरात येणारे चार पैसे बंद होतात. मुलीला वसतिगृहात ठेवायचे म्हटले की खाला, फुफी, सगळ्यांची बैठक बसते. वेल्डिंग शिकलेल्या मुलीला स्थळ येईल का, हा प्रश्न आमच्यासमोर विचारला गेला आहे, आणि त्यावर आम्ही तेव्हा नीट बोललो नाही. शिकलेला प्रत्येक जण दुकान काढतो असेही नाही.

आम्ही काय केले ते छोटेसेच. भाच्याला पाबळला पाठवणे जमले नाही, घरची स्थिती तशी नव्हती. त्याच्या उस्तादांना जाऊन भेटलो. माणूस भला. म्हणाले, "पोरगा विचारत नाही, म्हणून मी सांगत नाही." दर शुक्रवारी दुपारनंतर एक काम पोरानेच मोजायचे, भावही त्यानेच काढायचा, चुकले तर ते सुधारतील, असे ठरले. आम्ही त्याला दोनशे पानांची वही दिली आणि १७ नंबरचा फॉर्म भरून दिला. दहावीला तो यंदा बसेल, गणिताची भीती अजून आहे. मोहल्ल्यात यंदा शिबिर नाही. त्या पैशांतून एक वेल्डिंग मशीन आणि रक्त तपासणीचे साहित्य घ्यावे, असा विचार आहे. मशीन ठेवायला जागा कोण देणार, यावर तीन बैठका झाल्या आहेत.

परवा बहिणीचा फोन आला. पोराने तिच्यासाठी घडवंची केली होती आणि वहीचे पान फाडून रीतसर बिल दिले होते, मजुरीसकट. "आईकडून मजुरी घेतो का रे कुणी?" ती आम्हालाच विचारत होती. मग म्हणाली, दिले पैसे. पण एक पाय जरा आखूड आहे, म्हणून वीस रुपये कापले.