नाव नेमकं कसं लिहिलंय?

‘भावाला अमेरिकेत पकडलंय’ एवढाच निरोप घरी येतो. कुठे ठेवलंय, कुणाला विचारायचं, काहीच कळत नाही. म्हणून पहिलं काम शोधाचं. आयसीई ही अमेरिकेची इमिग्रेशन यंत्रणा. तिच्या संकेतस्थळावर कोठडीतली प्रौढ माणसं शोधता येतात. त्यासाठी ‘ए-नंबर’ हा सरकारने दिलेला नऊ आकडी क्रमांक आणि जन्मदेश लागतो. कागदावर आठच आकडे असतील तर आधी शून्य लावायचं.

नंबर हाताशी नसेल तर नावावरून शोधायचं, आणि इथे मराठी घरं अडखळतात. नोंदीतलं नाव जसंच्या तसं टाकावं लागतं. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात पुष्कळदा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. दीक्षित ‘एक्स’ने लिहिलंय की ‘केएसएच’ने, एवढ्यावर माणूस सापडतो किंवा सापडत नाही. पासपोर्टची एक झेरॉक्स घरात असेल तर हा अंधार बराच कमी होतो.

सापडला तरी तो तिथेच राहील असं नाही. जॉर्जटाऊन विद्यापीठातले भारतीय संशोधक बदर खान सूरी यांना १७ मार्च २०२५ रोजी व्हर्जिनियात घराबाहेर पकडलं. काही दिवसांतच त्यांना लुईझियानामार्गे टेक्सासला नेलं. फेडरल न्यायालयाच्या आदेशाने ते १४ मे रोजी सुटले. कोठडी बदलली की घरच्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते: नवी भेटीची वेळ, नवे नियम, कधीकधी नवा वकीलही.

कोठडीत थेट फोन लावता येत नाही, फोन तिकडूनच येतो. उन्हाळ्यात लुईझियाना आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. तिथली दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. अनोळखी नंबर बघून कुणी फोन कापला, तर पुन्हा संधी कधी मिळेल ते सांगता येत नाही. बोलणं रेकॉर्ड होत असतं, म्हणून खटल्याचे तपशील फोनवर काढायचे नसतात. त्या मिनिटांत जाणत्या घरातली बहीण आधी एकच गोष्ट सांगते: “दादा, वकिलाशी बोलल्याशिवाय कशावरही सही करू नकोस.” हे वाक्य फार मोलाचं आहे. देश सोडायला संमती देणारा कागद थकलेल्या, घाबरलेल्या माणसापुढे येऊ शकतो, आणि एकदा सही झाली की मागे फिरणं फार अवघड.

वकील मात्र आपला आपणच शोधायचा. फौजदारी खटल्यात गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. इमिग्रेशन कोर्टात वकील ठेवण्याचा हक्क आहे, पण सरकारच्या खर्चाने नाही. विनाशुल्क किंवा कमी शुल्कात काम करणाऱ्यांची यादी कोर्टाकडे असते; त्यावरचे फोन एकामागून एक लावत बसणं हे घरच्यांचंच काम.

खरी मेहनत कागदांची. परभाषेतल्या प्रत्येक दाखल्यासोबत इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, आणि आपल्याला ती भाषा येते व भाषांतर अचूक आहे, असं भाषांतरकाराला सहीनिशी लिहून द्यावं लागतं. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पोलिसात दिलेली तक्रार, सातबारा, यांतलं जे खटल्याला लागेल ते सगळं त्यात आलं. लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत गुंता वाढतो. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव. ही तिन्ही नावं एकाच बाईची आहेत हे आपल्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. तिकडे न्यायाधीशापुढे ते विवाह नोंदणीच्या दाखल्याने सिद्ध करावं लागतं. म्हणून भाषांतर करणाऱ्याने एकाच नावाची तीन स्पेलिंगं परस्पर ‘सुधारू’ नयेत. कागदावर जे आहे तेच लिहावं आणि फरकाचा खुलासा वेगळा द्यावा.

बॉन्ड, म्हणजे जामीन, ठरलाच तर कायद्याने तो किमान १५०० डॉलरचा. प्रत्यक्षात बहुधा बराच जास्त. त्याआधी न्यायाधीश दोन गोष्टी पाहतो: माणूस पळून जाईल का, आणि त्याच्यापासून कुणाला धोका आहे का. सुटल्यावर तो राहील त्या घराचा पत्ता, तिथल्या नातेवाइकाचं पत्र, त्याच्या उत्पन्नाचे पुरावे, ओळखीच्यांची पत्रं, हे सगळं घरचेच जमवतात. आयसीईकडे रक्कम पूर्ण भरावी लागते, आणि भरणारा तिथे कायदेशीर वास्तव्य असलेला लागतो. खटला संपेपर्यंत सगळ्या तारखा पाळल्या तर पैसे त्यालाच परत मिळतात. म्हणून पावती जपायची, आणि घर बदललं तर नवा पत्ता कळवायचा.

सप्टेंबर २०२५ मध्ये इमिग्रेशन अपील मंडळाने ही वाटच अरुंद केली. तपासणीविना सीमा ओलांडून आलेल्यांना बॉन्ड देण्याचा अधिकार इमिग्रेशन न्यायाधीशांना नाही, असा निर्णय मंडळाने दिला. अनेक फेडरल जिल्हा न्यायालयांनी हा अर्थ मान्य केला नाही. त्यामुळे अनेक कुटुंबं बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे कोठडीलाच आव्हान देणारी, याचिका घेऊन त्या न्यायालयांकडे धावतात. तो खर्च आणखी वेगळा.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यांत तिघं महाराष्ट्रातले होते. तेव्हा हे दुसऱ्याच कुणाच्या घरचं दुखणं आहे असं समजू नका. तुमचं माणूस तिकडे असेल तर पासपोर्टची प्रत घरी ठेवा, आणि ए-नंबर व तिकडच्या एका विश्वासू वकिलाचा फोन आजच वहीत लिहून ठेवा. आणि घरचा एक नंबर त्याला तोंडपाठ करायला सांगा. पकडल्यावर मोबाइल त्याच्याजवळ राहत नाही.