संकल्पनेचे नाव आणि व्यक्तीची इच्छा

खेळातील एखाद्या संकल्पनेस व्यक्तीचे नाव देणे हा गौरव होय. तथापि तो त्या व्यक्तीच्या इच्छेस धरून असावा, असे आम्हांस वाटते. ब्रिजमधील बोलीचा एक संकेत जॉर्ज रापे यांनी योजिला. परंतु १९४५ साली त्यावर लेख लिहिणाऱ्या सॅम्युअल स्टेमन यांचेच नाव त्यास चिकटले. उलट, बॉबी फिशर यांनी १९९६ साली मांडलेल्या बुद्धिबळाच्या प्रकारास स्वतःचे नाव दिले असता इतरांनी त्यास '९६०' म्हटले. अंकक्रीडेत रमणारे देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी एका संख्याप्रकारास 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. ६१७४ या स्थिरांकास मात्र जगाने त्यांचे नाव दिले. म्हणून पाठ्यपुस्तकात नाव योजण्यापूर्वी संबंधितास विचारावे. तो हयात नसल्यास त्याने स्वतः ठेवलेले नाव राखावे.