हायब्रिडचे जादा तीन लाख कधी वसूल होतात?

सप्टेंबर २०२२ मध्ये मारुतीची ग्रँड व्हिटारा बाजारात आली, तेव्हाच्या किमती पाहा. झेटा ऑटोमॅटिक, पेट्रोल : १५ लाख ३९ हजार. झेटा प्लस, स्ट्राँग हायब्रिड : १७ लाख ९९ हजार. एक्स-शोरूम किमतीतच २ लाख ६० हजारांचा फरक. त्यावर महाराष्ट्रातला १२ टक्के वाहनकर आणि विम्याचा वाढीव हप्ता धरला, की गाडी रस्त्यावर येईपर्यंत तो तीन लाखांच्या घरात जातो. पुढे किमती वर-खाली झाल्या, १६ लाख ९९ हजारांचा डेल्टा प्लस हा जरा स्वस्त हायब्रिड प्रकारही आला. फरक मात्र मिटलेला नाही. हे जादाचे तीन लाख पेट्रोलच्या बचतीतून परत येतात का, आणि किती वर्षांत, हे घरच्या गाडीचा वापर पाहूनच ठरवावं लागतं.

आधी एक घोळ दूर करायला हवा. २०१५ मध्ये सियाझपासून मारुतीने ‘स्मार्ट हायब्रिड’ हे नाव रुळवलं. ग्रँड व्हिटाराची पेट्रोल आवृत्तीही त्याच नावाने विकली गेली. पण ही माइल्ड हायब्रिड. तिच्यातली छोटी मोटर इंजिनाला जरासा हात देते, एकटीने गाडी हलवू शकत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर स्वतः चाकं फिरवते. ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडरचे वरचे प्रकार, होंडा सिटी ई-एचईव्ही, इनोव्हा हायक्रॉस ही या दुसऱ्या जातीची उदाहरणं. या लेखातला हिशेब फक्त त्यांच्यासाठी आहे.

या गाडीला प्लग नसतो. ब्रेक लावताना एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा मोटर जनित्रासारखी चालून बॅटरीत साठवते, आणि गाडी पुन्हा सुटताना तीच वापरली जाते. संध्याकाळी सहा-साडेसहाला हिंजवडीतून बाहेर पडणाऱ्या रांगेत याचा अर्थ कळतो. पुढची गाडी दहा फूट सरकते, थांबते, पुन्हा सरकते. पेट्रोल गाडीचं इंजिन त्या दहा फुटांसाठीही धडधडत असतं. हायब्रिडचं इंजिन बंद असतं. मोटर गाडी पुढे ढकलते आणि एसीचा कॉम्प्रेसरही विजेवरच चालतो. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं, तिला थोडं भरतं आणि पुन्हा गप्प होतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर यातलं फारसं काही घडत नाही. तिथे शंभरच्या वेगाने इंजिनच गाडी ओढतं. खंडाळ्याच्या उतारावर बॅटरी भरते, पण ती लहान असल्याने लवकर भरते आणि पुढच्या उताराची ऊर्जा साठवायला जागाच उरत नाही.

आता वहीत मांडण्याजोगा हिशेब. कोथरूडमध्ये राहणारं, हिंजवडीत नोकरी असलेलं एक कुटुंब कल्पू. गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालते, बहुतेक सगळी गर्दीत. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरू. अशा गर्दीत पेट्रोल ऑटोमॅटिक लिटरला १३ आणि हायब्रिड २१ किलोमीटर देते असं मानू. पेट्रोल गाडीचा किलोमीटरला खर्च ८ रुपये, हायब्रिडचा ४ रुपये ९५ पैसे. बचत ३ रुपये ५ पैसे; महिन्याला साधारण तीन हजार. तीन लाख वसूल व्हायला सुमारे ९८ हजार किलोमीटर, म्हणजे आठ वर्षांहून थोडा जास्त काळ. महिन्याला दोन हजार किलोमीटर पळणाऱ्या गाडीचे पैसे चार वर्षांत सुटतात. पाचशेच किलोमीटर चालणाऱ्या गाडीला सोळा वर्षं लागतात, आणि खासगी गाडीची नोंदणीच मुळात पंधरा वर्षांची असते.

हेच कुटुंब नाशिकला किंवा कोल्हापूरला हायवेने ये-जा करणारं असेल तर? मोकळ्या रस्त्यावर पेट्रोल गाडीही १७ देते. हायब्रिडचे २१ तसेच धरले तरी बचत किलोमीटरला १ रुपया १७ पैशांवर येते आणि वसुलीचा पल्ला अडीच लाख किलोमीटरच्या पुढे जातो.

माहितीपत्रकातले आकडे इथे उलटीच दिशाभूल करतात. ग्रँड व्हिटारा हायब्रिडचं प्रमाणित मायलेज २७.९७, पेट्रोल ऑटोमॅटिकचं २०.५८. हेच खरे धरले तर शंभर किलोमीटरमागे जेमतेम सव्वा लिटर वाचतं. गर्दीतल्या १३ आणि २१ च्या हिशेबात मात्र शंभर किलोमीटरला जवळपास तीन लिटर वाचतं. कारण गर्दीत दोघींचंही मायलेज घसरतं, पण पेट्रोल गाडीचं फार जास्त. म्हणून कुटुंबाने माहितीपत्रकापेक्षा आपल्या सध्याच्या गाडीवर विश्वास ठेवावा. टाकी फुल करून मीटरचा आकडा लिहायचा आणि पुढच्या वेळी फुल करताना किती लिटर बसलं ते पाहायचं. असं तीन-चारदा केलं की आपला रस्ता गाडीकडून किती पेट्रोल मागतो ते समजतं.

कर्जाचा मुद्दा शोरूममध्ये सहसा निघत नाही. जादाचे तीन लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर हप्ता महिना सव्वासहा हजारांच्या आसपास वाढतो. पेट्रोल वाचतं तीन हजारांचं. पहिली पाच वर्षं खिशातून पैसे जातच राहतात. पैसे रोख असतील तरी ते फुकटचे नाहीत : ७ टक्क्यांच्या ठेवीवर त्यांनीच वर्षाला २१ हजार दिले असते. तेवढं व्याज गृहीत धरून मोजलं, तर कोथरूडच्या कुटुंबाची आठ वर्षं साडेबारांवर जातात. पेट्रोल १२० रुपयांवर गेलं तर पल्ला ९८ हजारांवरून ८५ हजार किलोमीटरवर येतो. फरक पडतो, पण निर्णय उलटावा इतका नाही.

तुलना कोणाशी करायची, यावरही बरंच ठरतं. स्ट्राँग हायब्रिडमध्ये क्लचचं पेडल नसतं. जे कुटुंब एरवीही ऑटोमॅटिकच घेणार होतं, त्याच्यासाठी फरक तीन लाखांचा. जे गिअरची गाडी घेऊन समाधानी राहिलं असतं, त्याने झेटा मॅन्युअलचे तेव्हाचे १३ लाख ८९ हजार समोर ठेवावेत; मग फरक एक्स-शोरूमलाच ४ लाख १० हजार होतो. वरच्या प्रकारात सोयीही जास्त असतात आणि त्यांचे पैसे या फरकात मिसळलेले असतात. त्या सोयी हव्याच असतील तर तेवढी रक्कम हायब्रिडच्या नावावर टाकू नये.

पैसे वाचवणं हाच हेतू असेल तर सीएनजी हा हायब्रिडचा खरा प्रतिस्पर्धी आहे. कंपनीतूनच बसवून येणारं सीएनजी साधारण लाखभराने महाग पडतं, आणि राज्याने २०२५ मध्ये सीएनजी गाड्यांचा वाहनकर एक टक्क्याने वाढवूनही तो पेट्रोल गाडीपेक्षा कमीच आहे. त्याची किंमत पंपावरच्या रांगेत, डिकी व्यापणाऱ्या टाकीत आणि दर तीन वर्षांनी करायच्या सिलिंडर चाचणीत मोजावी लागते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःचा चार्जिंग पॉइंट मिळत असेल, तर इलेक्ट्रिक गाडीचाही हिशेब करायलाच हवा. तिच्यावर जीएसटी ५ टक्के आहे. हायब्रिडवर २०१७ पासून उपकरासह ४३ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब गाड्यांना, हायब्रिड असो वा पेट्रोल, सरसकट ४० टक्के आहे. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, तेव्हा तिथल्या ग्राहकाचं गणित एका दिवसात बदललं. इंधन वाचवणाऱ्या गाडीवर साध्या पेट्रोल गाडीइतकाच कर लावणं हे धोरण म्हणून पटणारं नाही. पण कुटुंबाने हिशेब आजच्या कराचाच करावा, उद्याच्या सवलतीचा नव्हे.

बॅटरीची भीती मात्र थोडी वाढवून सांगितली जाते. ग्रँड व्हिटाराची हायब्रिड बॅटरी पाऊण युनिटची, नेमकी ०.७६ किलोवॉट-तासांची, २०२० च्या नेक्सॉन ईव्हीत ती ३०.२ ची होती. हमी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची. आठ वर्षांपुढे गाडी ठेवणाऱ्यांनी बदलण्याचा खर्च अधिकृत सेवा केंद्रातून लेखी घ्यावा आणि वहीत मांडावा. डिकीचं नुकसान पहिल्याच दिवसापासून जाणवतं : पेट्रोल आवृत्तीत ३७३ लिटर, हायब्रिडमध्ये २६५. दोन मुलं, आजी-आजोबा आणि गणपतीत कोकणात जायचं सामान असेल तर हा आकडा मायलेजइतकाच महत्त्वाचा.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले सकाळी अकराला मोकळ्या रस्त्यावर नेतात. त्याऐवजी संध्याकाळी, ऑफिस सुटायच्या वेळी, आपल्या रोजच्या रस्त्यावर गाडी मागावी. निघताना ट्रिप मीटर शून्यावर आणावा, एसी नेहमीसारखा चालू ठेवावा आणि परतल्यावर आकडा लिहून घ्यावा. त्याच दिवशी पेट्रोल ऑटोमॅटिकही त्याच रस्त्याने फिरवून आणावी आणि दोन्हींचं ऑन-रोड कोटेशन, सणाच्या सवलतीसकट, एकाच कागदावर मागून घ्यावं.