कोवळ्या फळबागेसाठी घरगुती पाणीगाडी

फळझाडाचे भवितव्य बहुधा पहिल्या दोन उन्हाळ्यांतच ठरते. पावसाळ्यात जोमाने फुटलेले कलम चैत्रात मुळाशी ओल न राहिल्यामुळे वाळते आणि वर्षभराचा खर्च व श्रम वाया जातात. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या वाढलेल्या बागाही वाळल्या. मग उथळ मुळांच्या कलमांची काय कथा? जेथे विहीर दूर आहे, नळ टाकणे परवडत नाही व मोठा टँकर ओळींत शिरत नाही, तेथे घरी तयार केलेली पाणीगाडी उपयोगी पडते.

पाण्याचा हिशेब

दहा मीटर अंतरावर लावलेल्या आंब्याची हेक्टरी १०० झाडे बसतात. आठवड्यास दर झाडाला २० लिटर धरल्यास २,००० लिटर पाणी लागते. दोन पिपांच्या गाडीतून एका वेळी सुमारे ४०० लिटर जाते. म्हणजे पाच-सहा खेपा पुरतात.

बांधणी

रबरी चाकांच्या जुन्या गाडीचा आस घेऊन त्यावर लोखंडी कोनपट्ट्यांची चौकट बसवावी. २०० लिटरची दोन पत्र्याची पिपे चौकटीवर आडवी ठेवावीत: एक आसाच्या पुढे व एक मागे, दोन्ही समान उंचीवर. पिपाच्या झाकणाला समोरासमोर दोन बुचे असतात. लहान बूच खाली व मोठे वर येईल असे पीप फिरवून लाकडी बैठकीवर पट्ट्यांनी आवळावे. खालची दोन्ही तोंडे नळीने जोडून एकच तोटी बसवावी. त्यामुळे दोन्ही पिपे सारखी रिकामी होतात व गाडीचा तोल बिघडत नाही. भरणे वरच्या तोंडातून करावे. पाणी सोडताना दोन्ही वरची बुचे उघडावीत. आत हवा न गेल्यास पाणी अडते.

कीटकनाशकाचे पीप कदापि वापरू नये. तेलाच्या रिकाम्या पिपास जोड देण्यासाठी आग लावू नये. आतील वाफेचा स्फोट होतो.

भाराचा तोल

४०० लिटर पाण्याचे वजन ४०० किलो भरते. भार मागे गेला तर दांडी वर उचलली जाते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. म्हणून सपाट जागी गाडी भरून दांडी उचलून पाहावी. ट्रॅक्टरसाठी एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा दांडीवर यावा. बैलांच्या मानेवर मात्र भार हलकाच असावा. अर्धवट भरलेल्या पिपांतील पाणी हिंदकळते, यास्तव उतारावर सावकाश चालावे, तीव्र उतारावर आडवे जाऊ नये व थांबताच चाकाखाली दगड लावावा. गाडीवर कोणी बसू नये.

पाणी देण्याची रीत

पाणी बुंध्याला न लावता बाहेरच्या आळ्यात सोडावे. मोसंबी-संत्र्याच्या बुंध्याशी ओल साचल्यास डिंक्या रोग बळावतो. आळ्यात वाळलेला पाला पसरावा, परंतु तो खोडापासून थोडा दूर ठेवावा. मुळांजवळ मातीचे भाजलेले सच्छिद्र मडके पुरल्यास पाणी हळूहळू झिरपते, उन्हाने उडत नाही व गाडीलाही प्रत्येक झाडाशी फार वेळ थांबावे लागत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी माघ महिन्यापूर्वीच अशी एक गाडी गावात तयार करवून तिचे प्रात्यक्षिक दाखवावे. एक गाडी आळीपाळीने अनेक बागांची तहान भागवू शकते. कलम वाळू लागल्यावर मात्र गाडीची जुळवाजुळव करण्यास वेळ उरत नाही.