पेट्रोलचा वास येतो, पण दिवा लागत नाही

मे महिन्यातली दुपार. सांवेरच्या उलट्या हनुमानाचं दर्शन घेऊन आलो, गाडीचं दार उघडलं आणि पेट्रोलचा भपकारा आला. इंदूरहून निघताना टाकी गळ्यापर्यंत भरली होती. वाकून पाहिलं, खाली थेंब नाही, डाग नाही. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. अशा वेळी आपण काचा खाली करतो आणि विसरून जातो. मीही दोन महिने तेच केलं होतं.

गळत होती ती वाफ. पेट्रोलमधले हलके घटक 35-40 अंशांतच उडू लागतात, त्यामुळे माळव्याच्या उन्हात उभ्या गाडीची टाकी दिवसभर वाफ सोडत राहते. ही वाफ एका नळीतून काळ्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये जाते आणि तिथले कोळशाचे दाणे ती धरून ठेवतात. इंजिन तापून चालू लागलं की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि ती वाफ इंजिनात जाऊन जळते. कॅलिफोर्नियात 1970 पासून ही सोय सक्तीची आहे. आपल्याकडे बीएस-6 च्या चाचणीत गाडी बंद खोलीत ठेवून निसटलेली वाफ मोजतात. मर्यादा आहे 2 ग्रॅम. पेट्रोलच्या भाषेत चहाचा अर्धा चमचा.

पण हे नव्या गाडीचं. पुढे कुठे गळती लागलीच, तर अमेरिकेतल्या गाड्या टाकीतला दाब तपासून अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाचीही खबर देतात. आपल्या बहुतेक गाड्यांचा संगणक फक्त पर्ज व्हॉल्व्हची वायर शाबूत आहे का, एवढंच पाहतो. नळी चिरली तर त्याला पत्ता लागत नाही. म्हणून स्कॅनर लावून ‘सगळं ठीक आहे’ असं सांगणाऱ्यावर विसंबू नका. नाक खोटं बोलत नाही.

वास केव्हा येतो, हे मिस्त्रीला नीट सांगा. टाकी भरल्यावरच येत असेल तर झाकणाचं वॉशर आणि पेट्रोल ओततो तो नळा आधी पाहावा. पेट्रोल भरल्यावर गाडी चालू व्हायला कुरकुरत असेल तर संशय पर्ज व्हॉल्व्हवर. तो काढून फुंकून पाहायचा: वीज नसताना हवा आरपार गेली, तर तो उघडा अडकलाय. झाकण उघडताना जोरात फुस्स झालं, तर कॅनिस्टरची हवेची वाट बुजलेली असू शकते. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते. धान्याच्या गोदामाजवळ गाडी लावणाऱ्यांनी उंदरांनी कुरतडलेल्या नळ्याही शोधाव्यात.

माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. शेवटी नळ्यांमध्ये धूर सोडून गळती दाखवणारं यंत्र लावलं. दाब अगदी हलका ठेवावा लागतो. टायरमध्ये 30-32 पाउंड हवा असते, इथे अर्धा पाउंडही जास्तच. कॉम्प्रेसरचा पाइप थेट लावला तर चांगले सांधेही उखडतात, शिवाय हवा आणि पेट्रोलची वाफ एकत्र आली की ठिणगीचं भय. ही वाफ हवेपेक्षा जड, गॅरेजच्या खड्ड्यात साचते. मिस्त्रीने बॅटरीची तार सोडली, टॉर्च तिरका धरला आणि पाच मिनिटांनी मागच्या चाकाच्या आतून सुतासारखी धुराची रेघ वर आली. क्लिपच्या खाली रबरी नळीला चीर पडली होती. सरळ असताना दिसत नव्हती. वाकवल्यावर तोंड उघडायची.

टेप किंवा एम-सील लावून उपयोग नाही, अशा नळीवर ते टिकत नाही. पेट्रोलसाठीच बनवलेली नळी घ्यावी, पाण्याची नव्हे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुनं रबर लवकर खराब होऊ शकतं, म्हणून शेजारची नळीही बदलून घेतली.

दोष माझ्याकडेही होता. पंपावर ऑटो-कट झाल्यावर ‘पूर्ण आकडा करा’ म्हणून मी आणखी पेट्रोल ओतायला लावायचो. ते जास्तीचं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये जातं, कोळसा भिजतो आणि मग वाफ धरायला जागा उरत नाही. कॅनिस्टर हातात घेतला तर जड लागतो, हलवला तर आत पाणी असल्यासारखा डुचमळतो. माझा अजून कोरडा होता. आता नोझल टक्‌ झालं की मी पंपावरच्या पोराला थांबवतो, आकडा कितीही अर्धवट असो.